मदत हवी आहे: चेनसॉच्या सिलिंडरचं पोर्टिंग (आतली वायूची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून बदलणं), एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाणारा) वर न्यावा का?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. काटोलकडच्या बागांतली वाळलेली संत्र्याची झाडं आणि बांधावरच्या बाभळी कापायचं काम करतो. मशीन 58 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 45.2 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) 36 मिमी. वाळलेल्या बाभळीत 22 इंची बार (साखळी फिरते ती पट्टी) पूर्ण रुतला की आरपीएम पार खाली येतो.

सिलिंडर उतरवण्याआधी डिग्री व्हील (क्रँकला लावायची अंशांची चकती) लावून मोजलं. एक्झॉस्ट टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) 105 अंशांवर उघडतो, ट्रान्सफर (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणारा पोर्ट) 122 वर. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून क्रँक फिरवली, ती 1.1 मिमीपर्यंत दबली. म्हणजे स्क्विश (पिस्टन वर असताना त्याच्या आणि सिलिंडरच्या माथ्यामधली फट) बराच मोकळा आहे. बेस गॅस्केट 0.5 मिमीची. ती काढून नुसतं सीलंट लावलं तर स्क्विश 0.6 होईल, कॉम्प्रेशन वाढेल. पण सिलिंडर खाली बसल्यामुळे दोन्ही पोर्ट साधारण 2 अंश उशिरा उघडतील, आणि इनटेक (मिश्रण आत घेणारा पोर्ट) थोडा लवकर.

आता खरा प्रश्न. एक्झॉस्ट घासून 102 पर्यंत वर न्यावा, की उंची तशीच ठेवून फक्त रुंदी वाढवावी? मला वरचा आरपीएम नको, लाकडात ओढ हवी. रुंदी फार वाढली तर पिस्टनची रिंग पोर्टात अडकेल, ही धास्ती आहेच. आतला थर क्रोमचा आहे. घासल्यावर कडा गोल करायला तुम्ही काय वापरता? माझ्या पहिल्या सिलिंडरचा थर तिथेच कपचा उडून गेला, दुसरा बिघडवायचा नाही.

आणखी एक, मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात जातो. कॉम्प्रेशन वाढवल्यावर कार्बुरेटरचा हाय स्क्रू (वरच्या आरपीएमला इंधन ठरवणारा) किती मोकळा ठेवता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी आपले आकडे जरूर सांगा भाऊ.