क्यू शिकायचाय (थर्ड स्ट्राइक), रोज धुलाई होतीये, सांगली-मिरजेत कुणी खेळतं का?

कोटवाला_सांगली
नमस्कार मंडळी. स्ट्रीट फायटर थर्ड स्ट्राइक, १९९९ चा मारामारीचा व्हिडिओ गेम, माझ्या जन्माच्या आधीचा. दोन महिने झाले विश्रामबागच्या रूमवर जेवण झालं की आम्ही चौघं खेळत बसतो. त्यातल्या पात्रांपैकी एकजण चुन-ली घेतो, एकजण केन, आणि मी क्यू. क्यूच का, तर बघितल्या बघितल्या आवडला, लांब कोट, हॅट, तोंडावर मुखवटा, जुन्या हिंदी पिक्चरमधला सीआयडी वाटतो, आणि नुसता शांतपणे चालत येतो. घोळ हाच आहे की तो नुसता चालतच येतो, तोवर चुन-ली दोन-चार लाथा घालून मोकळी. काल दहा गेम खेळलो, दहा हरलो, वर भडंगाचे पैसे पण माझ्याच खिशातून.
तर सांगा, सुपर (आधी निवडायचा मोठा डाव) कुठला घेऊ, पॅडवर (हातातल्या कंट्रोलरवर) जमतं का स्टिकच (दांडा-बटणांची पेटी) लागते, आणि क्यूचं काहीतरी होऊ शकतं का मी उगाच जिद्दीला पेटलोय?

हळदबाजार
भावा केन घे आणि सुखात रहा. क्यू म्हणजे पंगतीत शेवटी बसून पहिल्या वाढप्याची वाट बघणं.

कोटवाला_सांगली
केन नको ओ, आमच्यात आधीच एक आहे, आणि तो जिंकला की दोन दिवस बोलतो.

मिरज_जंक्शन
केन घे म्हणणारे प्रत्येक धाग्यावर भेटतात, सोड. मी सात-आठ वर्षं क्यू खेळतोय, ऑफिस-पोरं सांभाळून जेवढं जमतं तेवढं. आमच्या लहानपणी पार्लरला मुस्तफा नाहीतर केओएफ सत्त्याण्णव हेच गेम, थर्ड स्ट्राइक मला पुढं कॉम्प्युटरवरच सापडला.
आधी एक डोक्यात पक्कं कर. क्यूचा खरा डाव टाँट आहे, म्हणजे समोरच्याला डिवचणं. हेवी पंच आणि हेवी किक एकत्र दाबलं की तो टाँट करतो, बाकीच्यांच्या टाँटचाही थोडाफार फायदा असतो पण क्यूचा खरा अंगाला लागतो, प्रत्येक टाँटला मार कमी बसतो, तीनदा करता येतो आणि तो राऊंड संपेपर्यंत टिकतो. तीन झाले की हा गडी पडता पडत नाही. कुस्तीच्या मैदानात पैलवान शड्डू ठोकतो ना, तसं समज, फक्त इथं शड्डू ठोकला की पैलवानाचं वजन खरंच वाढतं. म्हणून प्लॅन असा, एकदा कसंही करून पाड, शड्डू. परत पाड, परत शड्डू. कॉम्बो-बिम्बो नंतर बघू.
आता पाडायचा कसा. मागं दाबून ठेव, मग पुढं आणि पंच, तो पळत जाऊन ठोसा घालतो. पंचाचं बटण सोडलं नाहीस तर तोच ठोसा वरून येतो, खाली बसून ब्लॉक करणाऱ्याला लागतो. पंचाऐवजी किक मारलीस तर पायात जातो, उभं राहून ब्लॉक करणाऱ्याला लागतो. धाव दिसायला सारखीच, त्यामुळं समोरचा गोंधळतो, क्यूची अर्धी अक्कल या एका धावेत आहे. पण अगदी अंगावर जाऊन मारू नको, ब्लॉक झाला तर फुकट मार खाशील, मुठीचं टोक लागेल एवढं अंतर ठेव. आणि मागं दाबून मिडीयम पंच, तो लांब हाताचा फटका, तो दिवसभर वापर, कुणी उडी मारून आलं तरी.
सुपर पहिला घे. तिसऱ्याचा स्फोट लई भारी दिसतो, मलाही मोह होतो, पण आत्ता नको.

कोटवाला_सांगली
दादा लई उपकार, आज ट्राय करून सांगतो.

कोटवाला_सांगली
दादा वाट लागली. पहिल्याच राऊंडला ठोसा लागला, चुन-ली पडली, मी खुशीत टाँट दाबला, आणि ती पडल्या पडल्या टुणकन उठली, माझा क्यू अजून टाँटच करतोय आणि तिनं सुपर घातला. रूममधले सगळे हसून हसून गादीवरनं खाली. आता मी काही केलं की “शड्डू ठोक शड्डू ठोक” म्हणून ओरडतात, चूक माझीच, तुमचा शब्द मीच त्यांना सांगितला.

मिरज_जंक्शन
हाहा, सगळ्यांचं होतं. जमिनीला टेकताना खाली दाबलं की पटकन उठता येतं, ते त्या चुन-लीवाल्याला माहितीये. म्हणून लगेच दाबायचं नाही, पडताना आधी बघ, तो पटकन उठतोय का पडून राहतोय. पडून राहिला आणि अंतर असेल तरच शड्डू. उठला तर गप्प मागं दाबून चार्ज धरून बस, म्हणजे धाव तयार राहते. सुपर लागून लांब फेकला गेला तर बिनधास्त. आणि एका राऊंडला एकच झाला तरी चालतंय, तीनचा हट्ट धरून जीव देऊ नको.

आयर्विन_पूल
मला एक कळत नाही, एवढं सगळं कशाला, पॅरी (फटका लागायच्या क्षणी पुढं दाबून तो झेलणं) शिकला की झालं. २००४ च्या ईव्हीओ स्पर्धेतला डायगो या जपानी खेळाडूचा तो व्हिडिओ बघा, लाईफ संपत आलेली आणि चुन-लीचा अख्खा सुपर पॅरी केला.

मिरज_जंक्शन
बघितलाय, सगळ्यांनीच बघितलाय. पण तो केन होता. आणि ती स्पर्धा शेवटी डायगो जिंकला नव्हता, फायनलला हरला, ते व्हिडिओ पाठवणारे सांगत नाहीत. पॅरी शिकायलाच पाहिजे पण क्यूचं एक दुखणं आहे, पॅरीला पुढं टिचकी मारावी लागते आणि धावेला मागं धरून ठेवावं लागतं. पुढं गेलास की चार्ज सुटला. म्हणजे दरवेळी ठरवायचं, आत्ता पॅरी का धाव. हात लवकर शिकतात, पण हे ठरवायला मला दोन वर्षं गेली. बघायचंच असेल तर जपानच्या कुरोडाचा क्यू बघ, घाई कुठंच नाही.

कोटवाला_सांगली
आणि पॅड का स्टिक ते राहिलंच.

हळदबाजार
स्टिकची पेटी मिरजेत सतारवाल्यांकडनं करून घे, तारा लावल्या की हरल्यावर वाजवत बसता येईल.

मिरज_जंक्शन
पॅडवरच खेळ सध्या. फक्त टाँटला दोन बटणं एकत्र नीट बसत नसतील तर सेटिंगमध्ये एका बटणावर लावता येतात का बघ. माझी पेटी सुताराकडनं केलीये, प्लायवूडची, आतल्या वायरी स्वतः सोल्डर केल्या, दोनदा बोट भाजलं.

कोटवाला_सांगली
आजचा रिपोर्ट. दहात तीन जिंकलो. एका राऊंडला दोन शड्डू झाले, चुन-लीवाला लाथा घालून दमला, माझी लाईफ हलेचना. शेवटी त्यानं कंट्रोलर ठेवला आणि म्हणाला हे चीटिंग आहे. केनवाल्याला मात्र अजून हात लावता येत नाहीये, तो उड्या मारून अंगावर येतो आणि मागं दाबून मिडीयम पंच मला वेळेत बसत नाही, उशिरा लागतो.

मिरज_जंक्शन
उडी सुरू झाल्यावर मारतोयस म्हणून उशीर होतोय. उडी मारायच्या आधी तो दोन पावलं पुढं येत असेल बघ, ती पावलं बघून मार. रविवारी मी सांगलीला येणार आहे, दुपारी मोकळा असशील तर पेटी घेऊन येतो, त्या केनवाल्याला पण थांबवून ठेव.

कोटवाला_सांगली
या दादा, नक्की या. भडंग यावेळी केनवाल्याकडनं.