मदत हवी आहे : कांदा निर्यातीवर खासदारांनी काय विचारलं ते कुठे सापडेल?

मंडळी, आमचा कांदा लासलगावला जातो. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के ड्युटी, डिसेंबरला थेट निर्यातबंदी, मग मे 2024 ला बंदी उठवली पण टनाला किमान 550 डॉलर निर्यात भावाची अट न् 40 टक्के ड्युटी होती, साठवणुकीच्या चाळीत कांद्याला कोंब फुटले तरी भाव काय येईना. आता मला बघायचंय की संसदेत यावर कोणी कोणी प्रश्न विचारले न् मंत्र्यांनी काय लेखी उत्तर दिलं. लोकसभेच्या साइटवर 'प्याज' टाकलं तर ढीगभर निघतं, त्यातलं वाणिज्य मंत्रालयाचंच वेगळं कसं काढायचं? संसदेच्या वाणिज्य समितीचे अहवाल राज्यसभेच्या साइटवर असतात ना? आणि व्यापार करारासाठी परदेश दौरे होतात त्यांचा खर्चही खासदारामार्फत विचारता येतो का, की माहिती अधिकारच बरा?