मदत हवी आहे: आरए आहे, डोळे कोरडे आहेत, पर्मनंट आयलायनर करावं का?

अबोली

नमस्कार. पर्मनंट आयलायनर (पापणीच्या कडेवर सुईने रंग टोचून केलेली, टॅटूसारखी रेघ) करून घेतलेल्या, ते करणाऱ्या आणि डोळ्यांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मंडळींकडून माहिती हवी आहे.

माझं वय ४६, पुण्यात असते, कॉलेजात शिकवते. गेली काही वर्षं रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, संधिवाताचा एक प्रकार) आहे. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात. लायनरचं टोपण फिरवायला बाटली दोन्ही तळव्यांत धरावी लागते, आणि मग तो बारीक ब्रश चिमटीत स्थिर राहत नाही. रेघ एकीकडे जाड, एकीकडे तुटक. पुसायला गेलं की डोळे लाल. पहिलं लेक्चर पावणेआठला असतं आणि बोटं मोकळी होतात दहाच्या सुमारास.

काजळ-लायनर ही माझी कॉलेजच्या दिवसांपासूनची आवड आहे. या आजारात घट्ट बांगड्या सुटल्या, विणकाम सुटलं, टाचेच्या चपला सुटल्या. हे एक मला सोडायचं नाही. त्यामुळे "आता या वयात कशाला" असं कृपया कोणी म्हणू नका.

घराजवळच्या एका पार्लरमध्ये चौकशी केली. वरच्या-खालच्या दोन्ही पापण्या, टचअप धरून १४,००० रुपये. दोन तासांचं काम, आठवड्यात खपली पडते, मग तीन-चार वर्षं बघायला नको, असं त्या म्हणाल्या. बोलायला चांगल्या होत्या. पण कुठली औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं तर "काही होत नाही हो, हे वरच्यावरच असतं" एवढंच उत्तर मिळालं. तिथे मनात पाल चुकचुकली.

औषधं अशी: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. या दुसऱ्या गोळीमुळे डोळ्याच्या पडद्याची दरवर्षी तपासणी होते. गेल्या वेळी डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं होतं. उजवीकडे पट्टी ७ मिलिमीटर ओली झाली, डावीकडे ६. दहाच्या वर जायला हवी म्हणे. तेव्हापासून दिवसातून चार वेळा थेंब घालते.

डोळे आधीच कोरडे असताना हे करणं कितपत शहाणपणाचं? मेथोट्रेक्सेट चालू असताना सुईचं काम चालतं का? मानेचा एमआरआय अधूनमधून करावा लागतो, त्यात या रंगाची अडचण येते असं ऐकलं, ते खरं का? आणि केलंच, तर करणारी व्यक्ती नीट आहे हे कशावरून ओळखायचं? पार्लरची नावं नकोत, काय पारखून घ्यायचं ते सांगा.

मोगरा

मी केलंय, मुंबईत, पाचेक वर्षांपूर्वी. वरच्या पापणीची बारीक रेघ अजून छान आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती बाहेरच्या कोपऱ्यात ओढलेल्या विंगची. तिथली कातडी पातळ आणि सैल असते. वर्षभरात ती रेघ टीपकागदावर शाई पसरावी तशी पसरली, आणि काळ्याचा रंग निळसर करडा झाला. वरून कन्सीलर लावल्याशिवाय आता चालत नाही.

काढून टाकता येईल का म्हणून त्वचातज्ज्ञांकडे गेले होते. लेझरने निघतं, पण इतक्या जवळ लेझर मारायचं तर पापणीखाली, बुबुळावर धातूचं कवच बसवावं लागतं. शिवाय रंगात लोहाचे ऑक्साइड असतील तर लेझरने तो फिका व्हायच्या ऐवजी आणखी काळा पडू शकतो. पापण्यांचे केस जाण्याची भीती वेगळीच. मी नाद सोडला.

तुम्ही केलंत तर विंग करू नका. वय वाढेल तशी पापणी उतरते आणि शेपटीची दिशाही बदलते.

चष्मिष

अबोलीताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोरड्या डोळ्यांच्या ओपीडीत काम करते. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, पण तुमचा पहिला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या लगेच मागे, तेलग्रंथींची तोंडं ओळीने उघडतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० ग्रंथी, खालच्या पापणीत २० ते ३०. मायबोमियन ग्रंथी म्हणतात त्यांना. डोळ्याची उघडझाप झाली की त्यांतलं थोडं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून अश्रू चटकन सुकत नाहीत. चांगल्या उजेडात, आरशासमोर खालची पापणी हलकेच खाली ओढून बघा, कडेवर बारीक ठिपके ओळीने दिसतील. लायनरची सुई चालते ती याच ठिपक्यांना अगदी लागून. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, त्यामुळे "वरच्यावर" म्हणायला तिथे जाडीच नसते.

२०१५ साली कोरियातल्या नेत्रतज्ज्ञांनी पापणीवर असा टॅटू असलेल्या आणि नसलेल्या लोकांची तुलना केली होती. टॅटू असलेल्यांमध्ये या ग्रंथी जास्त प्रमाणात नष्ट झालेल्या दिसल्या आणि अश्रूंचा थरही लवकर तुटत होता. गेलेली ग्रंथी परत येत नाही.

आता तुमचं बघा. ती कागदाची पट्टी पाणी मोजते, तेल मोजत नाही. आरएमध्ये अश्रूंचं पाणीच कमी पडतं, तुमचे ७ आणि ६ तेच सांगतात. अशा डोळ्याला आहे ते पाणी धरून ठेवायला तेलाचाच आधार असतो. बोटांच्या ज्या आजारामुळे तुम्हाला हा लायनर हवासा वाटतोय, त्याच आजारामुळे तो तुमच्या डोळ्यांना इतरांपेक्षा जास्त महागात पडू शकतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण सांगायलाच हवं.

निर्णय घ्यायच्या आधी दोन तपासण्या करून घ्या. एक, मायबोग्राफी, म्हणजे पापणी उलटवून ग्रंथींचा इन्फ्रारेड फोटो. दुसरी, अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ती. दहा सेकंदांच्या आत तुटत असेल तर थर कमकुवत समजतात. दोन्ही तपासण्यांना सुई नाही, पापणी उलटवतात तेवढंच जरा विचित्र वाटतं.

आणखी एक. बधिर करायला कोणती क्रीम लावणार ते विचाराच. लिडोकेन आणि प्रिलोकेन एकत्र असलेली क्रीम अल्कधर्मी असते. ती डोळ्यात उतरली तर कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, इजा होते, आणि डोळा बधिर असल्यामुळे ते तेव्हा कळत नाही. घरी गेल्यावर रात्री कळ सुरू होते. असे पेशंट आमच्याकडे येतात.

जाता जाता: पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर ओढलेलं काजळसुद्धा याच ग्रंथींच्या तोंडावर बसतं. काजळ केसांच्या बाहेरच्या बाजूने लावा आणि झोपायच्या आधी पूर्ण काढा.

सुईदोरा

मी ठाण्यात हेच काम करते. तुम्ही सांगितलेल्या दोन औषधांची नावं ऐकून मी डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय सुई हातात घेतली नसती. मधुमेह, गरोदरपण, अंगावर दूध पिणारं बाळ, केलॉइडची (जखमेवर जाड, उंच वण उठण्याची) प्रवृत्ती, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डोळ्याजवळ पूर्वी झालेली नागीण, हे सगळं विचारणारा फॉर्म पहिल्या भेटीत समोर आला नाही तर ती जागा सोडा. आणि पहिल्याच भेटीत "बसा, आजच करू" म्हणणाऱ्यांकडेही नको.

पारखायचं कसं, तर सुईचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटात असतं, त्यावर निर्जंतुकीकरणाची मुदत छापलेली असते. ते पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फाडलं गेलं पाहिजे. रंग बाटलीतून छोट्या टोपीत काढतात. उरलेला रंग परत बाटलीत ओतताना दिसला तर पैसे गेले तरी चालतील, उठून निघा. हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात. बाटलीवरच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. रंगाची अ‍ॅलर्जी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उठते, तेव्हा त्वचातज्ज्ञांना हा नंबर लागतो. कानामागे पॅच टेस्ट करतात, ती करावीच, पण ती चांगली आली म्हणजे पुढे कधीच काही होणार नाही असं नाही.

केलेलं काम दाखवा म्हणाल तर लगेच काढलेले फोटो सगळेच दाखवतात. दोन वर्षांनंतरचे फोटो मागा. वॉटरलाइनवर, म्हणजे त्या आतल्या ओल्या कडेवर, मी कधीच करत नाही आणि करून मागितलं तर नाही म्हणते.

नंतरचं थोडक्यात: सूज दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात जास्त असते. खपली ओढायची नाही. ती पडली की रंग उडाल्यासारखा वाटतो, मग हळूहळू वर येतो, म्हणून टचअप सहा आठवड्यांनी. तोवर पोहणं नाही, वाफ नाही, डोळ्यांचा मेकअप नाही. जुना मस्कारा फेकून द्यायचा. पापण्या वाढवायचं सीरम लावत असाल तर आधी काही आठवडे बंद करावं लागतं. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, नेमाने रक्त देणाऱ्यांनी तेही धरून चालावं.

राइनकाठ

एमआरआयबद्दल मी सांगू शकतो, जर्मनीत एमआरआय टेक्निशियन आहे. ऐकलंत ते अर्धं खरं आहे. काळ्या-तपकिरी रंगांत लोहाचे ऑक्साइड असू शकतात, त्यामुळे काही लोकांना स्कॅन चालू असताना पापणीला चुरचुर किंवा सूज जाणवते. असं क्वचितच होतं आणि बहुधा थोड्या वेळात निवळतं. आम्ही आधी विचारतो, पापण्यांवर थंड ओली पट्टी ठेवतो आणि हातात बेल देतो. डोळ्यांचाच स्कॅन असेल तर चित्र थोडं बिघडू शकतं, तुमच्या मानेच्या चित्राला त्याचा त्रास नाही. फक्त लपवू नका, आणि टॅटूच्या भीतीने एमआरआय टाळूही नका.

रंगाबद्दल एक भर. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या ४,००० हून अधिक रसायनांवर निर्बंध आणले. अमेरिकेत एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियंत्रक संस्थेने) कातडीत टोचण्यासाठी एकही रंग मंजूर केलेला नाही. २००३-०४ मध्ये तिथे एकाच कंपनीच्या पर्मनंट मेकअपच्या रंगांबद्दल दीडशेहून जास्त तक्रारी आल्या होत्या. त्यामुळे "एफडीए अप्रूव्ह्ड पिगमेंट" असं कोणी सांगितलं तर त्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावरही किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

सुईदोरा

राइनकाठ, अगदी बरोबर. इथे घाऊक बाजारातून येणाऱ्या कित्येक बाटल्यांवर घटकांची यादीच नसते. अशी बाटली मी घेत नाही.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही डॉक्टरांना भेटून आले, म्हणून इथे लिहिते, पुढे माझ्यासारखं कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार शांत असल्याशिवाय असल्या गोष्टीचा विचारही नको, आणि कुठलंही सुईचं काम आहे म्हणून मेथोट्रेक्सेटचा डोस मनाने चुकवायचा नाही. ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून डोळ्याजवळच्या जंतुसंसर्गाची काळजी त्यांना वाटते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मायबोग्राफी केली. पडद्यावर त्या ग्रंथी उभ्या पांढऱ्या रेघांसारख्या शेजारी शेजारी दिसतात. उजव्या वरच्या पापणीत रेघा भरगच्च आहेत. डाव्या खालच्या पापणीत नाकाकडच्या बाजूला जवळपास काहीच नाही, नुसता करडा पट्टा. थर टिकला सहा सेकंद. खालच्या पापण्यांना त्यांनी सरळ नाही म्हटलं. वरच्यांबद्दल म्हणाल्या की शेक आणि थेंब सहा महिने नेमाने करा, मग परत फोटो काढू, तोवर हात लावायचा नाही. चष्मिष, तुमचं ऐकून ही तपासणी मागितली. नाहीतर त्या करड्या पट्ट्यावर मी पैसे देऊन सुई चालवून घेतली असती.

मला वाईट वाटलं, ते वाटणारच. पण कोरड्या डोळ्यांनी रात्री पेपर तपासताना काय होतं ते मला माहीत आहे, आणि त्यात आणखी भर नको.

तर आता प्रश्न बदलतो. माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी चमच्याच्या दांड्यावर चढवायची फोमची जाड नळी दिली आहे. ती काजळाच्या पेन्सिलीवर बसते आणि चिमटीऐवजी मूठ करून धरता येते. कोपर टेबलावर टेकवलं तर वरच्या पापणीची रेघ बऱ्यापैकी सरळ येते. पण पेन्सिल मऊ असावी लागते, नाहीतर दाब द्यावा लागतो आणि पापणी ओढली जाते. मऊ आणि तरीही संध्याकाळपर्यंत डोळ्यात न उतरणारी पेन्सिल कोणी वापरली आहे का? टोपण फिरवायचं नसून ओढून निघणारं असेल तर फारच बरं.