डिजिटल फोटोग्राफीचा छंद: तुम्हाला काय, कसं उमगलं? (अनुभव धागा)

फोटो आता सगळेच काढतात, पण त्यातले काहीजण त्यात रमतात, तासन्‌तास सेटिंग्ज बदलत बसतात, काढलेला फोटो ऑनलाइन टाकून अनोळखी लोकांची मतं मन लावून वाचतात. हा धागा त्यांच्यासाठी. कुठला कॅमेरा घ्यावा हा विषय इथे नको, त्यावर भरपूर चर्चा होते. एखादी गोष्ट डोक्यात लख्ख कशी पडली तेवढं लिहा, आणि सेटिंग्ज आठवत असतील तर नक्की द्या, त्याशिवाय दुसऱ्याला करून बघता येत नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. मला चंद्राने शिकवलं. पौर्णिमेचा चंद्र ऑटोवर काढला की नुसती पांढरी टिकली येते, कारण कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजतो आणि फ्रेम तर जवळपास सगळी काळी, मग तो एक्सपोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवत नेतो. एकांनी फोटोखाली लिहिलं, 'अगं चंद्रावर भर उन्हाचा उजेड आहे, उन्हातल्या दगडाचा फोटो काढतेयस असं समज.' मॅन्युअलवर (सगळं हाताने ठरवायचं) गेले, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१०० सेकंद, आणि झूम करून बघितलं तर खाली टायको विवर, त्यातून चहूकडे फाकलेले पांढरे पट्टे, सगळं स्पष्ट! तेव्हापासून अंधारातही आधी विचार करते की ज्याचा फोटो काढायचाय त्याच्यावर उजेड किती आहे.

*

छान विषय काढलात ताई. मी फिल्मवर शिकलो. ३६ फोटोंचा रोल, तो संपणार कधी, धुऊन येणार कधी, म्हणून कुठला फोटो कुठल्या सेटिंगवर काढला ते वहीत टिपून ठेवायचो. डिजिटलमध्ये ती वही फोटोच्या फाइलमध्येच असते, एक्झिफ म्हणतात ती. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळचं दाखवते तो मिलिमीटरमधला आकडा), सगळं आपोआप लिहिलेलं. माझ्या मते स्क्रीनपेक्षाही मोठी सोय ही आहे. मी वर्षाअखेरीला माझे आवडते फोटो वेगळे काढून त्यांचं एक्झिफ वाचतो, त्यातून मला कळलं की मनापासून आवडलेले बहुतेक फोटो ३५ आणि ५० मिलिमीटरच्या आसपासचेच आहेत, मग बाकीच्या लेन्स घरी ठेवून निघायला लागलो.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, त्याचं वजन साधारण ३.६ किलो, फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा, तोही काळा-पांढरा, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! हे वाचलं की आजच्या बर्स्ट मोडबद्दल (एका दाबात धडाधड फोटो) मनापासून आदर वाटतो.

*

माझा अनुभव छोटाच. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती भाग काळा, किती पांढरा ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. बाहेर कडक उन्हात स्क्रीन दिसतच नाही नीट, आलेख मात्र खरं सांगतो. उजव्या भिंतीला डोंगर टेकला की ढगांतला तपशील गेलाच, तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

*

मॅक्रोवाल्यांनी (अगदी जवळून बारीक गोष्टींचे फोटो काढणाऱ्यांनी) हात वर करा :) मॅक्रो लेन्स नव्हती तेव्हा जुनी ५० ची लेन्स रिव्हर्सिंग रिंग लावून उलटी बसवली. उलट्या लेन्सला कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, म्हणून अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवरच असलेली जुनी लेन्स उत्तम. कुंडीच्या काठावर उडी मारणारा कोळी बसला होता, छोटासाच. एफ/८ ला सुद्धा फोकसमध्ये राहणारी जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असते, त्यामुळे रिंग फिरवून फोकस करायच्या भानगडीत न पडता श्वास धरून कॅमेराच केसभर पुढे-मागे करायचा आणि डोळे चमकले की दाबायचं. समोरचे दोन मोठे डोळे, त्यांत खिडकीचं प्रतिबिंब, बाजूला दोन लहान, बाकीचे चार डोक्यावर. आठ डोळे असतात हे पुस्तकात वाचलेलं, पण तो प्राणी माझ्याकडे वळून बघतोय हे मोठ्या स्क्रीनवर बघताना अंगावर काटा आला. फोटो टाकला तर कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एकांनी नर आहे असं सांगितलं, कशावरून तर तोंडाजवळच्या फुगीर पॅल्प्सवरून (छोट्या पायांसारखे अवयव). आता मी मुद्दाम तो भाग फ्रेममध्ये ठेवतो.

*

मला फोटोपेक्षा टाइमलॅप्सचं वेड लागलंय, म्हणजे ठराविक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला पळता व्हिडिओ. गणित आधी करा. २५ फ्रेम प्रतिसेकंद धरले तर १० सेकंदांच्या क्लिपला २५० फोटो, दर ५ सेकंदांनी एक म्हटलं तर साधारण २१ मिनिटं ट्रायपॉडला धक्का लागू द्यायचा नाही. ढग पळत असतील तर ५ सेकंद ठीक, फूल उमलताना काही मिनिटांचं अंतर लागतं. आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), फोकस, एक्सपोजर तिन्ही मॅन्युअल, नाहीतर व्हिडिओ लुकलुकतो. सूर्यास्ताला मात्र एक्सपोजर हळूहळू बदलावंच लागतं आणि ते अजून मला मनासारखं जमत नाहीये, कुणाला जमत असेल तर सविस्तर लिहा ना प्लीज.

*

इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हापासून २०१५ पर्यंत फक्त चौकोनी फोटोच टाकता यायचे, लोक वैतागायचे पण माझी फ्रेमिंगची शिकवणी तिथेच झाली. चौकोनात आडवं पसरायला जागाच नाही, त्यामुळे नको ते कापायची सवय लागते. फोनमधला कॅमेरा अजूनही मी १:१ वर ठेवते. लाइक्सकडे मी बघत नाही, पण 'डावीकडचा खांब काढला असता तर' अशी एक कमेंट आली तर दिवस सार्थकी लागतो.

*

काकांनी एक्झिफचं लिहिलंय त्याला जोडून. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर त्याच एक्झिफमध्ये जीपीएसचे आकडे बसतात. काही साइट्स ते काढून टाकतात, काही ठेवतात. घरातले, मुलांचे फोटो टाकण्याआधी लोकेशन काढाच. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचा फोटो असेल तर तिथेही, उगाच गर्दी नको.

पण रानफुलांचे वगैरे फोटो मी विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचे लेख वापरतात तो मोफत फोटोंचा साठा) लोकेशनसकट देतो, कारण तिथे त्याचा अभ्यासाला उपयोग होतो. ती साइट २००४ पासून चालू आहे, लायसन्स आपण निवडायचं, मी सीसी बाय-एसए देतो, म्हणजे कुणीही वापरा पण नाव द्या आणि पुढे त्याच अटीवर वाटा. मला वाचताही न येणाऱ्या भाषेतल्या एका लेखात माझं फूल दिसलं तेव्हा झालेला आनंद वेगळाच होता. फक्त टाकताना वर्णन नीट लिहा, फूल, पान आणि खोड असे तीन वेगळे फोटो असतील तर ओळख पटवणाऱ्यांचं काम फार सोपं होतं.