म्हातारं मांजर : घटतं वजन, केसांचे गोळे आणि जेवणावरचे रुसवे (तुमचेही अनुभव लिहा)

मनी आता 14 वर्षांची आहे. गेल्या वर्षी एकदा तिला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवताना मणका न् मणका बोटांना लागला. रोज कुशीत झोपणारं मांजर, पण केस इतके दाट की नुसत्या डोळ्यांना काही कळलंच नव्हतं. वजन केलं तर 4.2 किलोचं 3.6 झालेलं. 600 ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो तिच्या अंगाचा सातवा हिस्सा. 70 किलोच्या माणसाचे 10 किलो गेले तर घरात केवढी धावपळ होईल!

आणि खाणं तर वाढलं होतं. पहाटे उठवून खायला मागायची, ताटली चाटूनपुसून साफ करायची. या वयातही भूक चांगली लागते म्हणून आम्ही समाधानात होतो. डॉक्टरांनी तिच्या गळ्यावरून हळूहळू बोटं फिरवली, छातीचे ठोके मोजले आणि म्हणाले, थायरॉइड बघू. रक्तातलं टी-4, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, वाढलेलं निघालं. दहा वर्षांपुढच्या मांजरांत हा आजार बऱ्याचदा आढळतो. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते, मांजर खात राहतं आणि तरीही वाळत जातं.

थायरॉइड आवरणाऱ्या मेथिमाझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या ती थुंकून टाकायची, म्हणून तेच औषध जेलच्या रूपात मिळालं. कानाच्या आतल्या, केस नसलेल्या कातडीवर चोळायचं, एकदा डावा कान, एकदा उजवा. आपल्या हातातूनही ते शरीरात जातं, त्यामुळे हातमोजे घालूनच. डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती : वाढलेल्या थायरॉइडमुळे मूत्रपिंडांना रक्त जोरात मिळत असतं, त्यामुळे त्यांचा आजार झाकला जातो आणि उपचारानंतर उघडा पडतो. मनीचं तेच झालं. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कमी पडायला लागली की रक्तात साचणारा घटक) वाढलेलं आलं. आधी कल्पना होती म्हणून हातपाय गळाले नाहीत, एवढंच.

तुमच्याकडे वय झालेलं मांजर असेल, किंवा होतं, तर काय दिसलं, काय केलं, काय चुकलं, सगळं लिहा. औषधाचं प्रमाण मात्र लिहू नका, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

*

आमचा बोका 13 वर्षांचा, लांब केसांचा. केसांचे गोळे त्याला लहानपणापासूनच. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा ओकायचा. गोळा म्हणतात खरं, पण अन्ननलिकेतून येतो म्हणून बाहेर पडतो तो बोटासारखा लांबट, ओला आणि घट्ट. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे चाटताना अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शौचावाटे निघूनही जातात.

मागच्या वर्षी हे आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. आम्ही पंजावर केसांच्या गोळ्यांसाठीची पेस्ट लावून चाटवत राहिलो. चार महिने! त्या चार महिन्यांत वजनही उतरत होतं, पण केसांमुळे जेवण जात नसेल अशी आम्ही आमची समजूत काढली. शेवटी सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली दिसली. अशा वेळी आतड्याची जुनाट सूज किंवा सावकाश वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग), दोन्ही शक्यता असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुकडा काढून तपासला, सूज निघाली. स्टेरॉइड आणि बी-12 ची इंजेक्शनं सुरू झाली, आणि गोळे पुन्हा पूर्वीसारखे क्वचित पडायला लागले. गिळलेले केस तेवढेच होते, ते पुढे सरकायचे थांबले होते.

आणखी एक. त्याच्या कमरेपाशी जटा व्हायच्या. आळस आला असेल असं वाटायचं, पण सांधे आखडल्यामुळे त्याची मान तिथवर पोहोचतच नव्हती. आता रोज संध्याकाळी पाच मिनिटं फणी, आधी गालांवरून, कारण ते त्याला आवडतं, आणि मग हळूच मागे. जट कात्रीने कापायला जाऊ नका, हात जोडून सांगते. म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते. आपल्याला वाटतं केस कापतोय आणि कात्री कातडीत जाते.

*

केसांच्या गोळ्यांवरून आठवलं. आमची मांजरी जमिनीला चिकटून, मान पुढे ताणून खाक-खाक करायची आणि बाहेर काहीच पडायचं नाही. केसच असणार, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. एकदा मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, तो दमा निघाला. दवाखान्यात ती कधीच खोकली नसती. व्हिडिओ काढाच.

*

खाण्याच्या चोचल्यांबद्दल लिहिते. काळी 15 ची आहे. ताटली ठेवली की धावत यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात धरायची आणि डोकं झटकून टाकून द्यायची. मग माझ्याकडे बघत बसायची. मी रोज नवा डबा उघडायचे आणि 'किती गं नखरे' म्हणायचे. ते शब्द आता मला फार लागतात, कारण तिच्या खालच्या दाढेचं मूळ आतून झिजून गेलं होतं. मांजरांत ही दातांची झीज बरीच आढळते आणि ती खूप दुखते. भूक होती म्हणून ती धावत यायची, दुखायचं म्हणून परत जायची. भूल द्यायच्या आधी रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, मग दोन दात काढले. चौथ्या दिवशी तिने ताटली जागेवरून सरकेपर्यंत चाटली.

दाताशिवायच्या गोष्टीही करतो. म्हातारपणी वास कमी येतो आणि मांजराची भूक वासावर चालते. म्हणून ओलं खाणं कोमट करायचं, साधारण मांजराच्या अंगाइतकं, म्हणजे 38 अंशांच्या आसपास. ताटली उथळ आणि जरा उंचावर, मान वाकवावी लागू नये म्हणून. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. खाण्यावर उकडलेल्या चिकनचं पाणी चमचाभर, त्यात कांदा-लसूण अजिबात नको, ते मांजरांना विष आहे. आणि औषध कधीही तिच्या आवडत्या खाण्यात लपवू नका. मी तसं केलं आणि ते खाणं तिने कायमचं सोडलं.

*

एक कळकळीची सूचना. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर 'भूक लागली की खाईल' म्हणून थांबू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि जाड मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त. आमच्या बोक्याचे कान आतून पिवळे दिसले तेव्हा धावलो. तीन आठवडे नळीने भरवावं लागलं. वाचला.

*

मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल विचारायचं असेल तर विचारा, आमच्या मांजरीबरोबर आम्ही तीन वर्षं काढली. पहिली खूण म्हणजे जास्त पाणी पिणं. वाळूतले लघवीचे गठ्ठे मोठे व्हायला लागले होते, पण ते लक्षात यायला वेळ गेला. पुढे घरीच कातडीखाली सलाइन द्यायला शिकलो. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. खांद्यांमधली कातडी तंबूसारखी वर उचलायची आणि त्या खोबणीत सुई सरळ घालायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार सलाइनने ती शहारायची. थोड्या वेळात पाठीवर पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि चालता चालता तो पुढच्या एका पायाकडे ओघळतो. पहिल्यांदा पाहून घाबरलो होतो, पण काही तासांत तो जिरतो. मूत्रपिंडांसाठीचं पथ्याचं खाणं एकदम बदलू नका. जुन्यात चमचाभर नवं, असे आम्हाला पाच आठवडे लागले. मळमळीवर औषध सुरू केल्यावरच ती नीट खायला लागली. ओठ चाटत राहणं, लाळ गळणं हे मळमळीचंच, हे आम्हाला उशिरा कळलं.

रक्तदाबही तपासत राहा. आमची एका रात्रीत दारावर आपटायला लागली, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, उजेडातही तशाच. रक्तदाबाने डोळ्यांचे पडदे सुटले होते. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने एका डोळ्याला थोडं दिसायला लागलं. उरलेलं दीड वर्ष ती त्यावर आणि मिशांवर घरभर फिरली. आम्ही फक्त खुर्च्यांच्या जागा बदलल्या नाहीत.

*

सगळं दोनदा वाचलं. डबे आणि गठ्ठ्यांचं वाचून आज वाळू काढताना पहिल्यांदाच नीट पाहिलं. आम्ही आधी मनीला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहायचो आणि स्वतःचं वजन वजा करायचो. त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात, आणि मांजराच्या बाबतीत तेवढेच तर मोजायचे असतात. आता तान्ह्या बाळांचा काटा आणलाय. त्यावर तिची जुनी चादर घालतो, काटा शून्यावर आणतो, मग ती स्वतःच चढून बसते. आजचा आकडा 3.85. दातांसाठी आणि रक्तदाबासाठी गुरुवारची वेळ घेतली आहे, काय निघतं ते इथेच लिहीन.