फर्स्ट एमबीबीएसला चारच अटेम्प्ट: हा नियम बदलायला हवा का?

तेरणाकाठची_ताई

माझ्या धाकट्या भावाचं एमबीबीएस पहिल्या वर्षातच संपलं. हे आधीच सांगते, म्हणजे मी लांबून बोलतेय असं कुणाला वाटायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी नियम असा. ॲनाटॉमी (शरीररचना), फिजिऑलॉजी (शरीराचं कार्य) आणि बायोकेमिस्ट्री (जीवरसायन) हे पहिल्या वर्षाचे तीन विषय. ते सोडवायला जास्तीत जास्त चार संधी. 2019 मध्ये ही मर्यादा आली आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 च्या नियमावलीत ती कायम ठेवली. तिन्ही विषय सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षात पाऊल टाकता येत नाही, इंजिनिअरिंगसारखी एटीकेटी नाही. चौथ्यांदाही एखादा विषय राहिला तर कॉलेज सुटलं.

चार म्हटलं की पुष्कळ वाटतात. पण मुख्य परीक्षा, लगेच सप्ली म्हणजे पुरवणी परीक्षा, पुढच्या वर्षी ज्युनिअर बॅचबरोबर परत मुख्य, परत सप्ली. झाले चार. सगळा खेळ दोन-सव्वादोन वर्षांत आटोपतो. पहिला टप्पा पूर्ण करायला कागदावर चार वर्षं आहेत, संधी मात्र त्याच्या निम्म्या काळात संपून जातात.

माझा भाऊ दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या शाळेत मराठीत शिकला. लातूरला दोन वर्षं खोली घेऊन राहिला, नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली, शासकीय कॉलेजला नंबर लागला. गावात पेढे वाटले. नीट म्हणजे काय, तर 180 प्रश्न, 720 गुण, योग्य गोल काळा करायचा. ज्या परीक्षेने त्याला आत घेतलं तिने त्याला एक वाक्यही लिहायला लावलं नाही. आत गेल्यावर पहिल्या दिवसापासून मोठमोठी इंग्रजी उत्तरं आणि समोर बसून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. व्हायवात त्याला उत्तर यायचं, तोंडातून फुटायचं नाही. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी दुसऱ्या खेपेला सुटले. बायोकेमिस्ट्री चारही वेळा थोडक्यात राहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवड एका कसोटीवर करायची आणि हाकलायचं दुसऱ्या कसोटीवर, तेही सगळ्यात अनोळखी वर्षात, यात न्याय नाही. मर्यादा ठेवायचीच तर पूर्ण एमबीबीएससाठी नियमात असलेली एकूण नऊ वर्षांची पुरे आहे.

निवृत्त_शिक्षिका

ताई, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी तीसेक वर्षं ॲनाटॉमी शिकवलं. अशी मुलं मी पाहिली आहेत, त्यांचे चेहरे विसरलेले नाही. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे.

कारण हा नियम नव्हता तो काळही मी पाहिलाय. आमच्याकडे एक विद्यार्थी सातव्या वर्षी पहिल्याच वर्षात होता. होस्टेलवर त्याला सगळे 'काका' म्हणत. त्याच्या घरच्यांना वाटायचं मुलगा डॉक्टर होतोय. कुणीही त्याला स्पष्ट सांगितलं नाही की हे तुझं क्षेत्र नाही. विशीतली सगळी वर्षं गेली. त्याला दोन वर्षांनी थांबवलं असतं तर तो विसाव्या-एकविसाव्या वर्षी दुसरं काहीतरी करू शकला असता. तुम्ही नऊ वर्षं म्हणता, त्याचा अर्थ ज्याला पहिलं वर्ष झेपत नाही त्याला सत्ताविसाव्या वर्षी घरी पाठवायचं. त्यात कुठली माया?

शिवाय हे विषय टाकाऊ नाहीत. काखेतल्या नसा कुठून जातात हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातात पुढे सुरी जाते. पोटॅशियम वाढलं की हृदयाचं काय होतं हे फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्रीतच कळतं. रात्री दोनला प्राथमिक आरोग्य केंद्रात तो एकटा असेल, विचारायला कुणी नसेल.

सातपुड्याचा_पोर

मी नंदुरबारकडचा. घरची बोली पावरी, शाळा मराठी, मग ही इंग्रजी. फर्स्ट एमबीबीएस सप्लीत काढलं. आज इंटर्न आहे. मॅडमचा मुद्दा मान्य, पण 'झेपत नाही' आणि 'अजून भाषा बसली नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि उत्तरपत्रिकेवर त्या सारख्याच दिसतात.

मी पहिले चार महिने ग्रेज हे ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक उघडायचो तर एका पानाला दीड तास लागायचा. शेवटी एका सीनियर दादाने युक्ती सांगितली: उत्तराची आकृती आधी काढ, मग आकृतीकडे बघत छोटी छोटी वाक्यं लिही. त्या एका गोष्टीने मी वाचलो. ती मला कॉलेजने सांगायला हवी होती. फाउंडेशन कोर्स, म्हणजे सुरुवातीचा पूर्वतयारीचा वर्ग, 2019 मध्ये महिनाभराचा आणला होता, त्यात भाषेचे तास धरलेले होते. आमच्या वेळी ते तास म्हणजे सभागृहात बसून भाषणं ऐकणं.

पुणेरी_पालक

दोन-अडीच वर्षं एका सरकारी जागेवर बसून चार वेळा नापास व्हायचं आणि मग नियमाला दोष द्यायचा? तीच जागा न मिळालेली हजारो मुलं परत नीटची तयारी करत बसली आहेत. दोन-चार गुणांनी गेलेल्यांचाही विचार करा.

तेरणाकाठची_ताई

दादा, भावाला काढल्यावर ती जागा त्या हजारोंपैकी एकालाही मिळाली नाही. एमबीबीएसला मधल्या वर्षात प्रवेश नसतो. जागा पुढची सगळी वर्षं रिकामीच राहते. म्हणजे सरकारचा खर्च वाया, मुलगा घरी आणि गावाला मिळणारा एक डॉक्टर कमी. त्याच्या हातात आज बारावीची गुणपत्रिका आहे. सुटलेले दोन विषय कुठल्याही अभ्यासक्रमात धरले जात नाहीत.

निवृत्त_शिक्षिका

हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरं आहे, आणि इथे मी तुमच्याबरोबर आहे. ज्याने ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी पास केलं त्याला फिजिओथेरपी किंवा नर्सिंगला परत पहिल्यापासून तेच शिकायला लावणं चूक आहे. त्याला पुढचं दार मिळायला हवं.

आणखी एक सांगते, तेही तुमच्याच बाजूचं. पूर्वी पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं असायचं. 1997 च्या नियमांनी ते वर्षावर आणलं. अभ्यास तेवढाच राहिला, दिवस कमी झाले. त्या सहा महिन्यांत खेड्यातलं पोर सावरायचं. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मृतदेह उघडून शिकवतात तिथे, एका टेबलाभोवती पंधरा-वीस मुलं असताना मागच्याला काय दिसतं? आता तर नवी कॉलेजं झपाट्याने निघताहेत, ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी 10 शासकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. जालना, हिंगोली, वाशिम, गडचिरोली. ती व्हायलाच हवीत. पण ॲनाटॉमी-बायोकेमिस्ट्री शिकवायला माणसं कुठून आणणार? प्रॅक्टिस नाही म्हणून या विषयांकडे कुणी वळत नाही.

तरी चारची मर्यादा काढू नका. शिकवणं सुधारा.

सातपुड्याचा_पोर

मॅडम, शिकवणं सुधारेपर्यंत जी पोरं बाहेर पडतील त्यांचं काय? नियम आज लागू आहे, सुधारणा उद्या होणार आहे.

आणि आयोग नियम वाकवू शकतो हे आपण पाहिलंय. कोविडमुळे 2020-21 च्या बॅचला पाचवी संधी दिलीच ना, एकदाच म्हणून का होईना. दुसरीकडे 2023 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येक जण पात्र, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. तिथे रिकामी जागा खुपली, इथे खुपत नाही. याचं उत्तर मला कुणी द्यावं, मी मनापासून विचारतोय.

ग्रामीण_वैद्य

पीजीचं उदाहरण इथे नीट बसत नाही. ते सगळे आधीच एमबीबीएस पास झालेले डॉक्टर असतात. तो निर्णय मलाही पटला नव्हता, पण एका ठिकाणी चाळणी मोठी केली म्हणून दुसरीकडेही करा, हा युक्तिवाद मला भीतीदायक वाटतो.

माझा तोडगा: चार संधी ठेवा, पण दुसऱ्यांदा नापास झालेल्याला पुढची परीक्षा देण्याआधी सक्तीची शिकवणी द्या, त्याच विभागात, नोंद ठेवून. ती दिली नसेल तर तिसरा अटेम्प्ट मोजू नका. कॉलेजवर काहीतरी जबाबदारी पडू दे.

तेरणाकाठची_ताई

हे मला मान्य आहे. नऊ वर्षांचा आग्रह मी सोडते. भाऊ तिसऱ्यांदा बसला तेव्हा त्याच्या विभागात त्याला नावाने ओळखणारं कुणी नव्हतं.

एक_बाबा

सगळ्यांना नमस्कार. मुलीचा बायोकेमिस्ट्रीचा तिसरा अटेम्प्ट महिन्यावर आलाय. ती म्हणते, पहिला पेपर देऊन बघते, अवघड गेला तर दुसऱ्याला जात नाही, म्हणजे अटेम्प्ट वाचेल. असं चालतं का?

निवृत्त_शिक्षिका

नाही! तिला आजच सांगा. एका पेपरला बसली तरी अटेम्प्ट मोजला जातो, अर्धवट हजेरी धरून. बसायचं तर पूर्ण बसायचं. फॉर्म भरायच्या आधी तिला विभागप्रमुखांना भेटायला सांगा, इंटरनलचे (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांचे) गुण आणि हजेरी पुरेशी आहे का ते विचारू दे. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. मग मागच्या पाच वर्षांचे पेपर काढून रोज दोन मोठे प्रश्न घड्याळ लावून लिहायचे, वाचायचे नाहीत, लिहायचे. आणि वर सातपुड्याच्या पोराने आकृतीचं सांगितलंय ते तिला आधी वाचून दाखवा.

सातपुड्याचा_पोर

बाबा, बायोकेमिस्ट्रीत आकृतीच्या जागी पाथवे, म्हणजे रासायनिक क्रियांची साखळी, काढायचा. क्रेब्स सायकल, युरिया सायकल रोज झोपण्याआधी कोऱ्या कागदावर न बघता. कुठे अडली तर इथेच लिहू दे, मी रात्रपाळीला जागाच असतो.