ओरॅकल प्रोजेक्ट्समध्ये इव्हेंट टाइप नेमके किती पाडायचे?

चिंचवडचा_लेखापाल
नमस्कार मंडळी. आमची कंपनी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प उभारून देते. गिऱ्हाइकं म्हणजे नगरपालिका आणि एमआयडीसीतले कारखाने. आजवर टॅली आणि एक्सेलवर भागलं, आता ओरॅकल ई-बिझनेस सूट 12.2 हे सॉफ्टवेअर येतंय आणि त्यातल्या ओरॅकल प्रोजेक्ट्समधल्या बिलिंगचा सेटअप माझ्या गळ्यात पडलाय. डिस्ट्रिब्यूशन रूल कॉस्ट/इव्हेंट ठरलाय, म्हणजे उत्पन्न खर्चाच्या प्रमाणात आणि बिल इव्हेंटवर (प्रोजेक्टवर टाकलेल्या रकमेच्या नोंदीवर).

गाडी अडलीय इव्हेंट टाइपपाशी. साइटवाल्यांना प्रत्येक टप्प्याचा वेगळा टाइप हवाय : ड्रॉइंग मंजुरी, पाया, टाकी, पंप, चाचणी, हस्तांतरण. कन्सल्टंट म्हणतो, ‘माइलस्टोन’ नावाचा एकच करा आणि मोकळे व्हा. आमच्याकडे मोबिलायझेशन अॅडव्हान्स (काम सुरू करायला मिळणारी आगाऊ रक्कम) असतो, आर.ए. बिलं (चालू कामाची बिलं) असतात, बिलागणिक रिटेन्शन (हमी म्हणून राखलेली रक्कम) कापतात, उशीर झाला की दंड. कुणी हे केलंय का?

नागपूरची_खतावणी
दादा, दोघांचंही ऐकू नका.

टाइप टप्प्यावरून नाही, नोंदीवरून पाडायचे. हा इव्हेंट टाकला की काय हलणार? फक्त बिल, फक्त उत्पन्न, की दोन्ही? पाया आणि टाकी या दोहोंची नोंद सारखीच बसते, मग टाइपही एकच. टप्प्याचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये लिहा आणि इव्हेंट त्या त्या टॉप टास्कवर (प्रोजेक्टमधल्या मुख्य कामावर) टाका, साइटवाल्यांचा रिपोर्ट तिथून निघतो. नाहीतर प्रत्येक नव्या कंत्राटाबरोबर यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते आणि ‘चाचणी’, ‘टेस्टिंग’, ‘ट्रायल रन’ असे तीन टाइप एकाच कामाचे होतात. मी अशा यादीवर रोज काम करते, म्हणून सांगतेय.

नाव काहीही ठेवा, सिस्टीम बघते ते क्लासिफिकेशन, म्हणजे टाइपचा वर्ग. तुम्हाला लागतील ते असे. अॅडव्हान्स आणि आर.ए. बिल दोन्ही डिफर्ड रेव्हेन्यू वर्गात, कारण बिल निघतं पण उत्पन्नाला लगेच धक्का लागत नाही. वर्ग एक असला तरी टाइप मात्र दोन ठेवा. पुढच्या बिलांतून होणारी अॅडव्हान्सची वसुली इन्व्हॉइस रिडक्शनमध्ये, तो फक्त बिल कमी करतो. खर्चाच्या प्रमाणातलं उत्पन्न बिलिंग एक्स्टेन्शन (हिशेब करणारा जोडप्रोग्राम) स्वतःच तयार करतं, त्याला ऑटोमॅटिक वर्गाचा टाइप लागतो. रेव्हेन्यू कॅटेगरी (उत्पन्नाचा प्रकार) विचारपूर्वक लावायची ती इथे, कारण उत्पन्न याच दारातून आत येतं. नुसत्या बिलाच्या टाइपवरही ती भरावी लागते, पण तिथे तिचं काही चालत नाही. त्यावर मीटिंगा घेऊ नका.

मॅन्युअल वर्ग जपून वापरा. त्यात बिलाची आणि उत्पन्नाची अशा दोन रकमा असतात. कुणीतरी घाईत दोन्हीकडे तोच आकडा टाकतं आणि काम व्हायच्या आधी उत्पन्न उभं राहतं.

रिटेन्शनला इव्हेंट टाइप करूच नका. त्याच्या टर्म्स प्रोजेक्टच्या सेटअपमध्ये वेगळ्या भरता येतात. तिथे टक्का दिला की प्रत्येक ड्राफ्ट इन्व्हॉइसवर (कच्च्या बिलावर) कपात आपोआप येते.

चिंचवडचा_लेखापाल
ताई, फार आभार. दोन शंका. वसुलीनंतर अनबिल्ड (उत्पन्न धरलं, बिल बाकी) आणि अनअर्न्ड (बिल निघालं, उत्पन्न बाकी) यांचे आकडे कसे दिसायला हवेत? आणि दंडसुद्धा इन्व्हॉइस रिडक्शनमध्येच टाकला तर चालेल ना? शेवटी बिलच कमी होतंय.

नागपूरची_खतावणी
आकडे मांडते, जीएसटी बाजूला ठेवून. कंत्राट 1 कोटीचं, अॅडव्हान्स 10 लाख. पुढचे आकडे लाखांत. ड्राफ्ट इन्व्हॉइस काढून रिलीज केलं की येणी 10, अनअर्न्ड रेव्हेन्यू 10. पुढे खर्च चढला, जनरेट ड्राफ्ट रेव्हेन्यू हा प्रोग्राम चालवला, उत्पन्न आलं 25. अनअर्न्डचे 10 संपले, उरलेले 15 अनबिल्ड रिसीव्हेबलमध्ये. मग 30 चं आर.ए. बिल, त्यातून वसुली 3, निव्वळ 27. अनबिल्डचे 15 गेले आणि अनअर्न्डमध्ये 12 आले. पडताळा सोपा : एकूण बिल 37, एकूण उत्पन्न 25, फरक 12. टेस्ट इन्स्टन्सवर (सरावाच्या सिस्टीमवर) एवढं एक उदाहरण शेवटपर्यंत चालवा.

दंडाचं मात्र तसं नाही. समजा गिऱ्हाइकाने 4 लाख कापले आणि तुम्ही रिडक्शन टाकलं. बिल कमी झालं, उत्पन्न जागच्या जागी. ते 4 लाख शेवटी अनबिल्डमध्ये लोंबकळत राहतात आणि ऑडिटर वर्षअखेरीला नेमका त्यांनाच हात घालतो. दंड मान्य असेल तर सोबत राइट-ऑफ वर्गाचा इव्हेंटही टाका, तो उत्पन्न कमी करतो. भांडण चालू असेल तर आधी पैसे मिळतील का ते तपासा. इंड एएस 115 (उत्पन्नाच्या नोंदीचं लेखा मानक) लागू असेल तर दंड हा मोबदल्यातला बदलता भाग, त्याचा अंदाज बजेटच्या उत्पन्नात आधीच धरायला हवा. आणि तिथे धरला असेल तर वर पुन्हा राइट-ऑफ नको, एकच दंड दोनदा वजा होईल. म्हणून दंडाचे दोन टाइप, ‘दंड – बिल’ आणि ‘दंड – उत्पन्न’. कन्सल्टंट नाक मुरडेल, मुरडू दे.

कर_आणि_कटकट
खतावणीताईंना अनुमोदन, कराच्या बाजूने एक भर. अॅडव्हान्सवर टॅक्स इन्व्हॉइस नाही, रिसीप्ट व्हाउचर द्यायचं असतं. सीजीएसटी कायदा 2017, कलम 31(3)(डी). सेवेच्या अॅडव्हान्सवर जीएसटी मात्र लागतो. अॅडव्हान्सचा टाइप वेगळा असला तरच रिसीव्हेबल्सकडे (येणी विभागाकडे) जाताना तो कागद वेगळा ओळखता येतो.

दुसरं म्हणजे पैसे टप्प्याला बांधलेले असतील तर 31(5)(सी) प्रमाणे टप्पा पूर्ण होईपर्यंत इन्व्हॉइस निघायला हवं. तेव्हा इव्हेंटची तारीख म्हणजे साइटवर टप्पा पुरा झाल्याची तारीख, तुमच्या टेबलावर कागद पोचल्याची नव्हे. मेजरमेंट बुकावर (कामाच्या मोजमापाच्या वहीवर) सही होऊन फाइल यायला किती दिवस जातात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

चिंचवडचा_लेखापाल
तारखेचा मुद्दा साइटवाल्यांच्या पचनी पडायचा नाही, पण सोमवारी मांडतो. हस्तांतरणानंतरची देखभाल त्याच प्रोजेक्टमध्ये ठेवू का?

नागपूरची_खतावणी
नको. वेगळा प्रोजेक्ट, इव्हेंट/इव्हेंट रूल (उत्पन्न आणि बिल दोन्ही इव्हेंटवर), दरमहा एक मॅन्युअल इव्हेंट. तिथे दोन्हीकडे तोच आकडा टाकलेला चालतो.